देव गप्प असतो तेव्हा भक्त काय करतो? चोखोबांपासून साने गुरुजींपर्यंत एका जुन्या प्रश्नाची गोष्ट

इसवी सन १३३८. मंगळवेढ्यात गावकुसाचं, म्हणजे गावाभोवतीच्या भिंतीचं काम सुरू होतं. या कामावर महार समाजातले मजूर होते. भिंत कोसळली आणि त्याखाली अनेक जण गाडले गेले. त्यांच्यात संत चोखामेळाही होते.

या घटनेत एक विसंगती आहे. गावकूस बांधण्याचं काम ज्यांच्याकडून करून घेतलं जात होतं, त्यांना त्या भिंतीच्या आत घर बांधायची परवानगी नव्हती. ते गावकुसाबाहेर राहायचे. आयुष्यभर विठ्ठलाचं नाव घेणाऱ्या माणसाला विठ्ठलाच्या देवळात जाता आलं नाही, आणि मरण आलं ते ज्या भिंतीनं त्याला बाहेर ठेवलं होतं तिच्याच खाली.

मग प्रश्न उरतो, देव काय करत होता?

जगातल्या जवळपास प्रत्येक धर्मात हा प्रश्न विचारला गेलाय. आजही रुग्णालयाबाहेर बसलेले नातेवाईक, वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखांना जाणारी माणसं, दुष्काळात पिकाकडे पाहणारा शेतकरी तो विचारतात. महाराष्ट्रात हा प्रश्न किमान सातशे वर्षं जुना आहे. तो कुणी कसा विचारला आणि देव गप्प असताना ही माणसं कशाच्या आधारावर जगली, ते समजून घेऊया.

चोखामेळा कोण होते?

चोखामेळा हे तेराव्या-चौदाव्या शतकातले वारकरी संत. ते संत ज्ञानेश्वर आणि संत नामदेवांच्या काळातले. नामदेवांना ते गुरुस्थानी मानत. त्यांचं वास्तव्य पंढरपूरपासून जवळच असलेल्या मंगळवेढ्यात होतं. त्यांचं मूळ गाव विदर्भातलं, बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा असल्याचं परंपरा सांगते.

महार असल्यामुळे गावानं ठरवून दिलेली कामं त्यांना करावी लागत. मेलेली जनावरं ओढून नेणं, निरोप पोहोचवणं, वेशीवर पहारा देणं, पडेल ती वेठ करणं. त्या बदल्यात मिळायचं ते बऱ्याचदा उरलंसुरलं अन्न.

त्यांच्या नावावर आज साधारण साडेतीनशे अभंग आहेत. अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणानं ते लिहून घेतले, असं वारकरी परंपरा मानते. या अभंगांत भक्ती आहे, विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन आहे, नामाचं महत्त्व आहे. पण त्यांतले काही अभंग वेगळे आहेत. त्यांत सरळ तक्रार आहे.

मला हीन का केलंस? केलंस तर मग तुझी ओढ का लावलीस? सगळ्यांची शरीरं त्याच पाच तत्त्वांची असतील तर विटाळ नेमका कुणाला आणि कशाचा? चोखोबा हे प्रश्न पुरोहितांना विचारत नाहीत. ते थेट विठ्ठलाला विचारतात.

एका प्रसिद्ध अभंगात ते ऊस, धनुष्य आणि नदीची उपमा देतात. वस्तूचा बाहेरचा आकार वाकडा असला तरी आतलं सत्त्व वाकडं नसतं, असा त्याचा आशय. वरवरच्या रूपाला भुलू नका, हे त्यात सांगितलेलं आहे. तो आज शाळेच्या पुस्तकांतून आणि भजनांतून सगळ्यांना माहीत आहे. मात्र तो कुठल्या परिस्थितीतून आला, हे अनेकदा सांगितलं जात नाही.

तक्रार एकट्याची नव्हती, घराची होती

चोखोबांच्या घरातल्या पाच जणांचे अभंग आज उपलब्ध आहेत. स्वतः चोखोबा, पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि निर्मळाचे पती बंका. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका कुटुंबातल्या पाच जणांचे शब्द इतकी शतकं टिकून राहावेत, ही दुर्मीळ गोष्ट आहे.

आणि या पाच जणांचा सूर एकसारखा नाही.

सोयराबाई आपल्या अभंगांत स्वतःची ओळख 'चोख्याची महारी' अशी करून देतात. विटाळाच्या कल्पनेवर त्यांनी केलेला युक्तिवाद आजही चकित करतो. देहाचा जन्मच विटाळातून होतो, विटाळाशिवाय देह नाही, मग विटाळापासून मुक्त असलेला माणूस दाखवा तरी, असा त्याचा रोख. बाईच्या देहाला आणि महाराच्या स्पर्शाला, दोन्हींना अपवित्र मानणाऱ्या समाजात एक महार स्त्री हे म्हणत होती.

कर्ममेळा वडिलांपेक्षा जास्त कडवट आहेत. आयुष्यभर उष्टं खायला लावतोस, याची तुला लाज कशी वाटत नाही, असा जाब ते देवाला विचारतात. तुझ्या भक्तीतून आमच्या पदरात काय पडलं, हा त्यांचा प्रश्न आहे. वडिलांची समजूत मुलाला पुरत नाही, हे त्यांच्या शब्दांत स्पष्ट दिसतं.

एकाच घरात, एकाच देवासमोर, एक जण थकून शरण जातो, एक जण वाद घालते आणि एक जण चिडतो. श्रद्धा म्हणजे प्रश्न न विचारणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे घर पाहायला हवं.

कथेत देव येतो, अभंगात वाट पाहायला लावतो

चोखोबांविषयीच्या कथा वेगळंच चित्र दाखवतात. संत नामदेव आणि संत एकनाथांच्या नावावरच्या रचनांत आणि पुढे महिपतींच्या १७६२ मधल्या 'भक्तविजय' या ग्रंथात त्या येतात.

या कथांमध्ये विठ्ठल गप्प नाही. तो चोखोबांच्या घरी जेवायला येतो. त्यांच्याबरोबर मेलेली ढोरं ओढतो. सोयराबाई बाळंत होताना चोखोबा घरी नसतात, तेव्हा निर्मळाचं रूप घेऊन तो बाळंतपण करतो. एका कथेत तो रात्री चोखोबांना देवळात नेतो आणि आपल्या गळ्यातला हार त्यांना देतो. सकाळी हार चोखोबांकडे सापडतो आणि चोरीचा आळ येतो. त्यांना बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा होते, पण बैल जागचे हलत नाहीत.

या कथा म्हणजे इतिहास नव्हे. पण त्या नीट वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक वेळी देव उंबरठा ओलांडून बाहेर येतो. उंबरठा मात्र तिथेच राहतो. चमत्कार संपला की चोखोबा पुन्हा महाद्वाराबाहेर असतात.

अभंगांत त्यामानानं चमत्कार कमी आहेत. तिथे दारात उभा असलेला माणूस आहे. तो हाक मारतो, पुन्हा मारतो आणि उत्तर आलं नाही हेही सांगतो. कथा पुढच्या पिढ्यांनी रचल्या, तक्रार त्या घरानं स्वतः केली. चोखोबांवर झालेला अन्याय समाजाला बोचत होता, म्हणूनच कदाचित या कथांची गरज पडली असावी. दार उघडणं जमलं नाही, पण देव त्यांच्याकडे गेला होता, असं सांगता येत होतं.

देव गप्प का? परंपरेची उत्तरं

देव चांगला आहे, तो सगळं करू शकतो, तरीही जगात दुःख आणि अन्याय आहे. ही तीन वाक्यं एकत्र कशी बसवायची, हा तत्त्वज्ञानातला फार जुना पेच आहे. युरोपात १७१० मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझनं या विषयावर ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी 'थिओडिसी' हा शब्द रूढ झाला.

भारतात या पेचाचं सगळ्यात प्रचलित उत्तर म्हणजे कर्मसिद्धांत. आजचं दुःख मागच्या जन्माच्या कर्माचं फळ आहे, म्हणजे देव अन्यायी ठरत नाही. पण त्याची किंमत दुःख भोगणाऱ्याला मोजावी लागते, कारण दोष त्याच्याच माथी येतो. चोखोबांच्या काही अभंगांत हे उत्तर दिसतं. आपण या जातीत जन्मलो ते मागच्या जन्मीच्या पापामुळे, अशी समजूत ते एके ठिकाणी घालून घेतात.

पुढच्या काळात दलित चळवळीनं चोखोबांवर सर्वांत जास्त टीका केली ती याच ठिकाणी. ही टीका समजण्यासारखी आहे. ज्यानं तुम्हाला बाहेर ठेवलं त्याचाच युक्तिवाद तुम्ही स्वतःवर लावून घेतलात, तर सुटका कशी होणार? पण चोखोबा तिथेच थांबले असते तर विटाळाविषयीचे त्यांचे प्रश्न उरले नसते. कर्माचं उत्तर त्यांना माहीत होतं. तरीही त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. म्हणजे ते उत्तर त्यांनाही पुरलं नसावं.

हा अनुभव फक्त वारकऱ्यांचा नाही. बायबलच्या जुन्या करारात ईयोब नावाच्या माणसाची कथा आहे. त्याची मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं जातं. तू काहीतरी पाप केलं असशील, असं मित्र त्याला समजावतात. ईयोब ते मान्य करत नाही आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. त्याच जुन्या करारातला हबक्कूक हा संदेष्टा तर आपल्या पुस्तकाची सुरुवातच तक्रारीनं करतो. अन्याय दिसत असताना तू किती काळ ऐकणार नाहीस, असं तो देवाला विचारतो. त्याला मिळालेलं उत्तर त्याला आणखी अस्वस्थ करतं. तरी तो पहारेकऱ्यासारखा उभा राहतो आणि म्हणतो, मी वाट पाहीन.

वाट पाहणं आणि तक्रार करणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. चोखोबांना हबक्कूक माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण दोघांची उभं राहायची जागा सारखीच आहे.

मग त्यांनी विठ्ठलाला सोडलं का नाही?

याचं एक उत्तर वारकरी संप्रदायाच्या भाषेतच आहे. वारकऱ्यांचा देव हा दूर बसलेला न्यायाधीश नाही. तो 'विठाई' आहे, 'माउली' आहे. आईशी भांडता येतं, रुसता येतं, तिला बोल लावता येतो. जिच्यावर हक्क आहे तिच्याशीच माणूस असा वागतो. त्यामुळे या परंपरेत देवाशी भांडणं हे नास्तिकपणाचं लक्षण मानलं गेलं नाही. उलट ते जवळिकीचं लक्षण ठरलं.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. मंदिराचं दार पुरोहितांच्या ताब्यात होतं, नाम कुणाच्याच ताब्यात नव्हतं. नाव घ्यायला सोवळं लागत नव्हतं, दक्षिणा लागत नव्हती आणि परवानगीही लागत नव्हती. गाभारा बंद असलेल्या माणसाला ही मोठी मोकळीक होती.

तिसरं कारण म्हणजे माणसं. नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, जनाबाई अशा संतांच्या मेळ्यात चोखोबांना जागा होती. भिंत कोसळल्यावर नामदेव मंगळवेढ्याला गेले, असं परंपरा सांगते. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा आवाज येत होता ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरपूरला आणली, अशी ही कथा आहे. विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ त्यांची समाधी आजही आहे.

देव बोलला की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. पण मित्र हाडं वेचायला आला, ही आठवण लोकांनी जपून ठेवली.

तुकोबांचा दुष्काळ

चोखोबांचं दुःख माणसांनी केलेल्या अन्यायाचं होतं. संत तुकारामांच्या वाट्याला आलं ते आधी निसर्गाचं.

१६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. देहूत तुकोबांच्या घरी सावकारी आणि वाण्याचा व्यवसाय होता. तो बुडाला. पहिली पत्नी रखमाबाई गेली, मुलगाही गेला. या काळाविषयी तुकोबांनी स्वतःच्या अभंगांतून लिहिलं आहे.

यानंतर तुकोबांनी केलेली एक कृती महत्त्वाची आहे. त्यांच्या घराकडे लोकांची कर्जखतं होती. परंपरेनुसार त्यातला अर्धा वाटा धाकटे भाऊ कान्होबांचा होता, तो त्यांनी त्यांना दिला. स्वतःच्या वाट्याची खतं मात्र त्यांनी इंद्रायणीत बुडवली. दुष्काळ का पडला, याचं उत्तर त्यांना मिळालं नव्हतं. पण दुष्काळात पिचलेल्या कर्जदारांच्या डोक्यावरचा भार त्यांना कमी करता येत होता, तो त्यांनी केला.

पुढे शूद्रानं धर्मावर लिहिलं म्हणून त्यांच्यावर वह्या बुडवायची वेळ आणली गेली. तेव्हा ते इंद्रायणीकाठी तेरा दिवस अन्नपाण्याशिवाय बसून राहिले. वह्या तरल्या, असं परंपरा मानते. तेरा दिवसांनंतरचा चमत्कार सगळ्यांना आठवतो. ते तेरा दिवस कसे गेले असतील, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

या गोष्टीत आणखी एक आवाज आहे. दुसरी पत्नी जिजाबाई, म्हणजे आवली. नवरा विठ्ठलात रमलेला आणि घरात पोरं उपाशी. त्यामुळे ती विठ्ठलाला शिव्याशाप द्यायची, असं कथा सांगतात. कीर्तनांत तिला बराच काळ कजाग बायको म्हणून रंगवलं गेलं. पण तीही तोच प्रश्न विचारत होती. फक्त तिच्या प्रश्नाला चुलीचा संदर्भ होता.

रमाबाई: देव बदलणारी मुलगी

प्रत्येक जण जुन्या दारात थांबला नाही. पंडिता रमाबाईंचा (१८५८-१९२२) रस्ता वेगळा होता.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत जगायचं. १८७० च्या दशकात त्यांच्यावर उपासमारीची वेळ आली. व्रतं, दानं, मूर्तींची पूजा सगळं करून झालं. काहीच बदललं नाही. आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले.

ज्या देवांची इतकी सेवा केली ते गप्प राहिले, ही जखम त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात सांगितली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. जी मुलगी एकदा उपासमारीत एकटी पडली होती, ती दुसऱ्या दुष्काळात इतर मुलींसाठी उभी होती.

बाबासाहेबांनी दार ठोठावलं आणि मग पाठ फिरवली

विसाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा मंदिराच्या दारात आला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवळात गेल्यानं आपले सगळे प्रश्न सुटणार नाहीत, हे बाबासाहेबांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं. हिंदू समाज आपल्याला माणूस मानायला तयार आहे का, याची ती परीक्षा होती. पाच वर्षांत दार उघडलं नाही.

याच काळातली एक आठवण चरित्रकार सांगतात. बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई यांची पंढरपूरला जायची फार इच्छा होती. तिथे आपल्याला देवळाबाहेर लांब उभं राहावं लागेल, असं पंढरपूर काय कामाचं, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. आपल्या कामातून आपण दुसरी पंढरी उभी करू, असं त्यांनी पत्नीला सांगितलं. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचं निधन झालं. पंढरपूर राहूनच गेलं.

त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या धम्मात 'देव गप्प का' हा प्रश्नच उरत नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते दूर करण्याची जबाबदारी माणसाची आहे.

संतांविषयी बाबासाहेबांचं मत परखड होतं. संतांनी देवासमोर सगळे समान असल्याचं सांगितलं, पण माणसामाणसांतल्या विषमतेविरुद्ध लढा दिला नाही, असं त्यांनी 'जातिसंहारा'वरून महात्मा गांधींशी झालेल्या वादात मांडलं. तरीही १९४८ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचं आपलं इंग्रजी पुस्तक तिघांना अर्पण केलं. नंदनार, रविदास आणि चोखामेळा. तिघंही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले संत. मार्ग मान्य नव्हता, पण माणसाचं मोल त्यांना ठाऊक होतं.

साने गुरुजींचे दहा दिवस

चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशेहून अधिक वर्षं पंढरपूरचं दार बंदच होतं. ते उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या सुरुवातीला महाराष्ट्रभर दौरा केला. १ मे रोजी त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण सुरू केलं.

साने गुरुजी स्वतः श्रद्धाळू होते. देव अन्याय का चालवून घेतो, हा त्यांचा प्रश्न नव्हता. आपण तो देवाच्या नावानं का चालवतो, हा होता. गणेश वासुदेव मावळंकर यांनी मध्यस्थी केली आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदा झाला. पुढे राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यताच रद्द केली.

विरोध सहज मावळला नाही. दलितांच्या प्रवेशाआधी काही सनातन्यांनी मूर्तीतलं तेज घागरीत उतरवून घेतलं, असं आजही पंढरपुरात सांगितलं जातं. बदल पुढेही हळूहळूच झाला. पंढरपूर मंदिराविषयीचा कायदा १९७३ मध्ये झाला आणि बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधल्या निकालानंतर संपले. त्यानंतर पूजेसाठी सर्व जातींच्या आणि महिला उमेदवारांकडूनही अर्ज मागवण्यात आले.

या सगळ्यातून काय हाती लागतं?

देव गप्प आहे असं वाटल्यावर महाराष्ट्रातल्या माणसांनी एकच मार्ग धरला नाही. चोखोबा थांबले आणि विचारत राहिले. सोयराबाईंनी वाद घातला, कर्ममेळा चिडले. तुकोबांनी कर्जखतं बुडवली. पंडिता रमाबाईंनी देवाचं नाव बदललं. बाबासाहेबांनी प्रश्नच बदलला. साने गुरुजी दारात उपाशी बसले.

यातला एकच मार्ग खरा आणि बाकीचे खोटे, असं म्हणणं कठीण आहे. पण यांच्यापैकी कुणीही अन्यायाला न्याय म्हटलं नाही. दुःखात असलेल्या माणसाला 'देवाची इच्छा' म्हणून गप्प बसवणं सोपं असतं. या माणसांनी तसं केलं नाही. ज्यांनी श्रद्धा ठेवली त्यांनी तक्रारीसकट ठेवली. ज्यांनी सोडली त्यांनी दुसऱ्याचं दुःख सोडलं नाही.

आजही आषाढी एकादशीला लाखो वारकऱ्यांना गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही. ते लांबून कळसाचं दर्शन घेतात, नामदेव पायरीवर डोकं ठेवतात आणि परत फिरतात. त्यांच्यासाठी ही एका दिवसाची अडचण असते. गर्दी ओसरली की आत जाता येतं. चोखोबांसाठी तेच आयुष्यभराचं दर्शन होतं.

महाद्वारासमोरच्या त्या समाधीला हात लावून माणसं आज आत जातात. रीतच तशी आहे, आधी चोखोबा, मग विठोबा. ज्याला आत येऊ दिलं नाही, त्याला ओलांडून आता कुणालाच आत जाता येत नाही.